किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला होता?

लिहिणाऱ्या एका मुलाचा प्रश्न असा आला आहे. मुलगा २७ वर्षांचा, इंदूरच्या सुदामा नगरात वाढलेला. थोरल्या भावाला गेली अकरा वर्षं बायपोलर आजार, म्हणजे कधी उन्माद, कधी नैराश्य. वडील पट्ट्याने मारत, दोघांनाही. आता ते थकलेत आणि त्या दिवसांबद्दल घरात कुणी बोलत नाही. मुलगा स्वतः दीड वर्षापासून नैराश्यावर गोळ्या घेतो. या सगळ्यावर त्याने कादंबरी लिहायला घेतली, १४० पानं झाली, आणि आता अडला आहे. विचारतो: लिहिताना सारखं गाऱ्हाणं होतं, त्याची गोष्ट कशी करायची? घरच्यांना न विचारता लिहिलं तर चालेल का? आणि लिहून झालं की दोन-दोन रात्री झोप लागत नाही, त्याचं काय? सोबत पहिली नऊ पानं आहेत.

मी पस्तीसेक वर्षं कथा लिहिते. जन्म इंदूरच्याच रामबागेतला. माझ्या आईला स्किझोफ्रेनिया होता; हे नाव माझ्या कानावर पडलं तेव्हा मी कॉलेजात होते. कथालेखनाची शिबिरं घेते, तिथे दर वेळी एक तरी जण घरातलं असं काही घेऊन येतो, बहुतेक शेवटच्या दिवशी, बाकीचे चहाला गेल्यावर. वयाने तू माझ्या भाच्यापेक्षा लहान, म्हणून एकेरीवर येते.

तिसरा प्रश्न आधी घेते, कारण तो थांबणार नाही. दोन रात्री झोप न लागणं ही लेखकाची तपश्चर्या नव्हे. तू नैराश्याचं औषध घेतोस आणि सख्ख्या भावाला बायपोलर आहे. अशा घरातल्या माणसाला नुसत्या नैराश्याच्या औषधाने कधी कधी उलट्या टोकाला, उन्मादाकडे, नेलेलं असतं, आणि त्याची पहिली खूण झोप उडणं हीच असू शकते. तुझ्या डॉक्टरांना दादाचं माहीत आहे ना? नसेल तर आधी ते सांग, आणि झोपेचंही सांग, पुढच्या तारखेची वाट न बघता. तुझं तसंच असेल असं नाही. पण हे ठरवायचं काम त्यांचं आहे, तुझं नाही आणि माझं तर मुळीच नाही.

लिहून मन हलकं होतं असं सगळे म्हणतात. ते खरं आहे, पण हप्त्याहप्त्याने. १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशाच्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. नुसती हकिगत नव्हे, त्याबरोबर काय वाटलं तेही ज्यांनी लिहिलं, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या सहा महिन्यांत कमी झाल्या. हे सगळीकडे सांगितलं जातं. जे सांगितलं जात नाही ते असं, की लिहून उठल्या उठल्या ती मुलं जास्त अस्वस्थ होती. आणि ती रोज पंधराच मिनिटं लिहीत होती, तीही चार दिवस. तू रात्री अकरा ते तीन लिहितोस, सहा महिने.

तेव्हा पट्ट्याचं, दवाखान्याचं, जे काही अंगावर येतं ते सकाळी लिही. घड्याळ लावून, अर्धा तास. वेळ संपली की वाक्य अर्धं असलं तरी उठायचं, आंघोळ करायची, कोपऱ्यावर जाऊन उभ्या उभ्या पोहे खायचे, वर जीरावण मसाला भुरभुरून. रात्री फक्त दुरुस्त्या. मी गेली वीस वर्षं असंच करते. माझं लिखाण त्याने काही मिळमिळीत झालेलं नाही. (झालं असेल तर वेगळ्या कारणांनी.) आणि 'गोळ्या घेतल्या की सुचत नाही' म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या सोडायच्या नाहीत. ज्यांनी सोडल्या त्यांची हस्तलिखितं मी वाचली आहेत. पहिली वीस पानं झपाटलेली असतात, पुढे नुसतं अक्षर मोठं होत जातं. एखाद्या रात्री फारच वाईट वाटलं तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासूनचा, सरकारी, फुकट, चोवीस तास चालणारा. मोबाइलमध्ये आत्ताच भरून ठेव. ज्या रात्री लागतो त्या रात्री शोधायचं त्राण नसतं.

आता पानं.

नऊ पानांत पट्टा चार वेळा येतो. 'काळोख' सात वेळा. 'माझ्या आत काहीतरी तुटलं' हे दोनदा, आणि दुसऱ्यांदा वाचताना मनात आलं, म्हणजे पहिल्या वेळी पुरतं तुटलं नव्हतं वाटतं. हसून घे. माझी पहिली कथा याहून वाईट होती. पण पाचव्या पानावर एक वाक्य आहे, तू ते कंसात टाकलं आहेस: 'आई तेव्हा कपड्यांच्या घड्या घालत होती, ती थांबली नाही.' कंस काढ. तुझी कादंबरी त्या कंसात बसली आहे.

सांगते कसं ते. दुखणं घरात आलं की घर त्याच्याभोवती स्वतःची घडी बसवतं. कोण कुठे झोपणार, कुठल्या दाराला आतून कडी लावायची नाही, मोठ्या आवाजात काय बोलायचं नाही, पैसे कुठे ठेवायचे, मुलं कोणत्या दिवशी मित्रांना घरी आणू शकतात. हे कुणी ठरवत नाही. वर्षा-दोन वर्षांत आपोआप बसतं, आणि मग सगळ्यांना वाटतं की आपलं घर असंच आहे. तू लिहितोस ते दुखणं आणि मार. तुझी आई घड्या का घालत राहिली ते तू लिहीत नाहीस, कारण त्या घडीत तूही आहेस, ती तुला आतून दिसत नाही.

आमच्या घरी आत्या राहायची. किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला. धान्याची कोठी, कपाट आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराचं कुलूप, या तीन किल्ल्या. काडेपेटी देवघरातल्या वरच्या फळीवर, जिथे आईचा हात पोचत नसे. विळी रात्री पोत्याखाली. आईचे दिवस बरे असले की आत्या जुडगा कमरेचा काढून खुंटीला अडकवायची. शाळेतून आलो की दारातून आमची पहिली नजर त्या खुंटीवर जायची. जुडगा तिथे असला तर दप्तर फेकून थेट आईकडे. नसला तर चपला हातात घेऊन भिंतीच्या कडेने मागच्या खोलीत. आम्हा भावंडांना हे कुणी शिकवलं नव्हतं. धाकटा भाऊ तर चार वर्षांचा होता, तोही चपला हातात घ्यायचा.

माझ्या पहिल्या कथेत यातलं काही नव्हतं. तिच्यात आईला दिसणाऱ्या सावल्या होत्या, भिंतींना फुटलेली तोंडं होती, पौर्णिमेचा चंद्र होता. पुण्याच्या एका मासिकाच्या संपादकांनी ती परत पाठवली. सोबत पोस्टकार्ड, त्यावर एवढंच विचारलेलं की या बाई सकाळी किती वाजता उठतात आणि घरात पहिला चहा कोण करतं. मला महिनाभर राग होता. पुण्याच्या माणसाला आमच्या दुःखाचं काय, वगैरे. मग एके दिवशी मी खुंटी लिहिली आणि ती कथा छापून आली. चंद्र गेला.

म्हणून तुला पहिलं काम देते. तुझ्या घराचे तीन दिवस लिही. एक दादा बरा असतानाचा साधा दिवस. एक, तो बिघडायच्या आदल्या दिवसाचा. आणि एक, सगळं होऊन गेल्यानंतरचा, म्हणजे तो दवाखान्यात आहे आणि घरात तुम्ही तिघं. सकाळी उठल्यापासून रात्री दिवे मालवेपर्यंत, कोण काय करतं एवढंच. 'मला वाटलं' हे शब्द वापरायचे नाहीत. दादाचं एटीएम कार्ड कुणाकडे असतं? मोटारसायकलची किल्ली? आठवड्याचा गोळ्यांचा डबा कोण भरतं, आणि भरताना इतरांशी बोलतं का? पाहुणे येणार असले की दादाला कोणतं काम सांगून बाहेर पाठवतात? बाबा डॉक्टरांच्या खोलीत आत येतात की बाहेर बाकावर बसतात? उत्तरं तुला पाठ आहेत. फक्त ती गोष्टीत येण्याजोगी आहेत हे तुला ठाऊक नाही.

आदल्या दिवसावर जास्त वेळ घालव. उन्मादाची सुरुवात बाहेरच्यांना आनंदासारखी दिसते. माणूस दोन तास झोपतो आणि ताजातवाना उठतो. भराभर बोलतो, मजेदार बोलतो. सगळ्यांसाठी काहीतरी विकत आणतो. शेजारी म्हणतात, वा, आता किती छान वाटतंय याला! आणि घरातले मात्र त्या छान वाटण्यानेच धास्तावलेले. हसऱ्या माणसाला घाबरणारं घर, हे मी कुणाच्याही पट्ट्याच्या वर्णनापेक्षा जास्त लक्ष देऊन वाचेन.

आपल्या शहरात अशी एक रात्र आहे जी तुझ्याकडे फुकट पडून आहे. अनंत चतुर्दशी. गिरणी कामगारांनी सुरू केलेल्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, रात्रभर निघतात, अख्खं इंदूर रस्त्यावर असतं, पहाटेपर्यंत कुणी झोपत नाही. वर्षातली ही एकच रात्र, की जागा असलेला, भरभर बोलणारा, अनोळखी माणसांच्या गळ्यात हात टाकणारा तुझा दादा चारचौघांसारखा असतो. त्या रात्री त्याच्यामागे चालणारा धाकटा भाऊ काय बघत असेल? इतर सगळे झांक्या बघतात, हा दादाचे डोळे बघतो. आणि सकाळी गर्दी घरी जाऊन झोपते, तेव्हा दादा झोपतो की नाही, यावर सगळं प्रकरण उभं राहील. तुझ्या नऊ पानांत इंदूर कुठेच नाही. घर हवेत तरंगतंय.

आजाराचे तपशील. इथे मी जरा कडक आहे. स्किझोफ्रेनिया म्हणजे एका माणसात दोन माणसं, हे सिनेमातलं आहे, दोहोंचा संबंध नाही. ऐकू येणारे आवाज दर वेळी खून करायला सांगत नाहीत. माझ्या आईचे आवाज तिच्या कामावर शेरे मारायचे: बघा, मीठ जास्त पडलं, बघा, आता ही दार लावायला विसरणार. सासरच्या माणसांसारखे. आणि या आजाराचा मोठा भाग आवाजाचा नसतोच. तो न बोलण्याचा, आंघोळ न करण्याचा, तासन्‌तास एकाच जागी बसण्याचा असतो. नातेवाईक त्याला आळस म्हणतात. आवाजांवर सगळे लिहितात. आळस म्हटलं गेलेलं कुणी लिहीत नाही.

तुझ्या सहाव्या पानावर दादा लिथियम, म्हणजे बायपोलरची गोळी, घेतो आणि दुसऱ्या दिवशी शांत होतो. इतकं लगेच होत नाही, त्याला दिवस लागतात, आठवडा-दोन आठवडेही. पण खरी गंमत पुढे आहे. लिथियम घेणाऱ्याला तहान फार लागते, हात बारीक थरथरतात, बशीतला कप किणकिणतो. रक्तातली मात्रा वरचेवर तपासावी लागते, कारण उपयोगी मात्रा आणि बाधणारी मात्रा यांत अंतर थोडं. उन्हाळ्यात घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं, किंवा घरच्यांनी ब्लडप्रेशरच्या काळजीने मीठ एकदम तोडलं, तर ती वाढते. उलट्या, जुलाब, चालताना तोल जाणं. मे महिना, वीज गेलेली, आणि आईने नुकतंच सगळ्यांचं मीठ बंद केलेलं. तुला खलनायकाची गरजच नाही. नैराश्याच्या गोळ्यांनाही असर दाखवायला काही आठवडे लागतात, हे तुला मी काय सांगू. तरी तुझा नायक तिसऱ्या दिवशी खिडकीतून पाऊस बघून हसतो. का रे?

गोष्ट कोणत्या साली घडते ते ठरव आणि कायदा त्या सालचा ठेव. १९१२ चा 'लुनसी' कायदा, ज्यात कागदोपत्री माणसाला वेडाच म्हणत, तो आपल्याकडे फार काळ टिकला. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा अमलात आला १९९३ मध्ये. मग २०१७ चा. या शेवटच्या कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक देण्यावर बंदी आणली, रुग्णाला साखळीने बांधण्यावरही. तेव्हा तुझ्या २०१९ सालच्या प्रसंगात हातपाय आवळून शॉक देतानाचं जे दृश्य आहे, ते काढ. सिनेमात बघितलेलं आहेस, दादाचं नाही. तेच दृश्य १९७० च्या कादंबरीत असतं तर मी हरकत घेतली नसती. (आणि हो, शॉकने कित्येक जण बरे होतात, ते कुणाच्या कादंबरीत का येत नाही, देव जाणे.)

याच कायद्यात एक कलम आहे, ते मी तुला गोष्टीच्या लोभाने सांगते. माणूस बरा असताना आधीच लिहून ठेवू शकतो, की पुन्हा बिघडलो तर मला कसे उपचार द्या, कसे देऊ नका, आणि माझ्या वतीने बोलायला कोण असेल. समजा तुझ्या कादंबरीतल्या भावाने त्या कागदावर बापाऐवजी धाकट्याचं नाव घातलं. कागद कपाटात. कपाटाची किल्ली बापाकडे. झालं सुरू.

आत्महत्येचा प्रयत्न दाखवणार असशील तर कसा केला, कशाने केला, किती, हे लिहू नकोस. वाचणाऱ्यांत तुझ्यासारखे असतात. आणि गोष्टीला त्याची गरजही पडत नाही. दवाखान्याबाहेर ठेवलेल्या चपलांवरून कळतं.

वडिलांकडे येते. तू त्यांना कारण शोधतोयस. आजोबाही मारायचे, नोकरी गेली होती, वगैरे दीड पान. खरं असेल. पण कारण दिलं की वाचक मान हलवतो आणि पुढे जातो, हिशेब मिटला. बापाला सवयी दे. माझे वडील रात्री हात उचलायचे आणि सकाळी राजवाड्याकडून पोहे-जलेबी घेऊन यायचे. न बोलता पुडा पाटावर ठेवायचे. आम्हाला झोपेतच तो वास यायचा आणि कळायचं, की काल रात्रीबद्दल आता कधीच बोललं जाणार नाही. आम्ही खायचो. ती उत्तम असायची, गरम. दुसरं, ते दर रविवारी घड्याळाला किल्ली द्यायचे आणि तेव्हा धाकट्याला मांडीवर घ्यायचे, तोच धाकटा, चपला हातात घेणारा. मी हे लिहिलं तेव्हा काही वाचकांनी विचारलं, तुम्ही वडिलांना माफ केलंत का? मी जलेबी लिहिली होती, बाकी काही नाही.

आणि कुठेतरी एका मुद्द्यावर बापाला बरोबर ठरू दे. मोठा मुद्दा नको. दादाने धंद्यासाठी पैसे मागितले आणि बाबांनी ते दिले नाहीत, सगळ्यांनी त्यांना कठोर म्हटलं, आणि ते बरोबर होते, असं काही. गाऱ्हाण्यात समोरचा कधीच बरोबर नसतो. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं माझ्याकडे याहून नेमकं उत्तर नाही.

आठवणींत भोकं असतील. मार कुठल्या वर्षी, मुंजीआधी की मुंजीनंतर, दार उघडं होतं की बंद, आठवत नाही. पण पट्ट्याच्या बकलावर वाघाचं तोंड होतं हे लख्ख आठवतं. अशा घरातल्या मुलांची आठवण बहुतेक अशीच असते. भोकं कल्पनेने बुजवून गुळगुळीत करू नकोस. नायकालाच ती शोधू दे, आणि दोघा भावांना एकच रात्र वेगवेगळी आठवू दे. तीही भांडणाची गोष्ट आहे.

भाषेबद्दल थोडं जास्त बोलते, कारण तिथे तू सगळ्यात मोठी चूक करतोयस. तुझी पात्रं सदाशिव पेठेत राहत असल्यासारखी बोलतात. इंदूरच्या मराठी घरात कोण असं बोलतं? आपण 'तो जाऊन राहिला होता' म्हणतो, 'चाय घेऊन ये' म्हणतो, मित्राला 'भिया' म्हणतो. पण हे रंग भरण्यापुरतं नाही सांगत. नीट ऐक, तुझे बाबा चिडले की कुठल्या भाषेत जातात? माझे हिंदीत जायचे. मराठीतून हिंदीत गाडी वळली की आम्हाला पुढचं कळायचं. डॉक्टर हिंदीत विचारायचे, वडील हिंदीत उत्तर द्यायचे, आणि मध्येच आत्या मराठीत त्यांना दाबायची, 'हे नका सांगू'. डॉक्टर इंदूरचेच, त्यांना मराठी चांगलं समजायचं. सगळ्यांना माहीत होतं की त्यांना समजतं. तरी मराठीत बोललं की ते घरातल्या घरात राहतं अशी आत्याची श्रद्धा होती. आपली मराठी ही अशी, झाकायच्या कामाची भाषा. पुण्यातल्या लेखकाला हे मिळणार नाही, तुला आयतं मिळालंय.

दुखण्याला तुमच्या घरात काय म्हणतात? तू पहिल्या पानावर 'बायपोलर डिसऑर्डर' लिहिलं आहेस. अकरा वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी तुझ्या आईने हा शब्द वापरला होता का? आमच्याकडे नुसतं 'तब्येत' म्हणायचे. 'आज तिची तब्येत आहे', म्हणजे तब्येत बिघडलेली आहे. शेजारी 'बाहेरचं' म्हणायचे. मावशी म्हणायची 'मनाला लावून घेतलंय'. वडील काहीच म्हणायचे नाहीत, 'ती' म्हणायचे. आणि शाळेतली मुलं बाणगंगेचं नाव घ्यायची, कारण मनोरुग्णालय तिकडे. जसं पुण्यात येरवडा, मुंबईत ठाणं, हिंदीवाल्यांचं आग्रा. अजूनही कुणी बाणगंगेकडे घर घेतलं म्हटलं, की माझ्या पोटात एक क्षण काहीतरी हलतं, आणि ते लोक तिथल्या फ्लॅटचे भाव सांगत असतात. एकाच दुखण्याची ही पाच-सहा नावं कोण, कुणासमोर, कोणतं वापरतं, एवढं नीट लावलंस तरी घरातली माणसं उभी राहतात. डॉक्टरांचा शब्द येऊ दे उशिरा, चिठ्ठीवर, वाचता न येणाऱ्या अक्षरात.

राहिली परवानगी. २०१७ च्या कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचं बंधन आहे, ते मुख्यतः डॉक्टरांवर, दवाखान्यांवर. भावाने लिहिलेल्या कादंबरीचं काय, ते तुझं तुलाच ठरवायचं आहे. नाव बदलून भागेल असं समजू नकोस. इंदूरचा मराठी समाज केवढा? गणपतीत दोन मंडळं फिरलं की सगळे भेटतात. गल्ली सांगितली की लोक घर ओळखतात, आणि आईचं माहेर देवासचं म्हटलं की संपलंच.

ओळख पुसायला म्हणून बदलायला घे, पण इतकं बदल की पुढे काय होणार ते तुलाही कळेनासं होईल. माझ्या दुसऱ्या संग्रहात मी आईचा मामा केला. बहिणीच्या घरी राहणारा, लग्न न झालेला मामा, आजार तोच. आई होती तोवर मला प्रत्येक प्रसंगाचा शेवट माहीत होता. मामा झाल्याबरोबर नवे प्रश्न आले. घर कुणाच्या नावावर? भाचीच्या लग्नात त्याला मांडवात बसवायचं की नाही? मुलाकडच्यांना सांगायचं का? बहिणीच्या नवऱ्याने किती वर्षं सोसायचं? आमच्या घरात जे कधी घडलं नव्हतं ते घडायला लागलं, आणि नेमकं त्यातच माझी आई मला पहिल्यांदा नीट दिसली. तू दादाची ताई कर. बघ, पट्टा, पैसे, मोटारसायकल, लग्न, सगळ्यांची गणितं किती बदलतात.

दादा ठीक असताना त्याला सांग, की तू असं काही लिहितोयस. पूर्ण हस्तलिखित हातात द्यायची घाई नको. तो बिघडलेला असताना जे बोलला ते जसंच्या तसं उचलू नकोस, त्याची वही तर अजिबात नको. हे मी तोंड वर करून सांगते आहे, कारण मी उचललं आहे. आईच्या एका जुन्या वहीत, हिशेबाच्या पानावर, दुधाच्या आणि इस्त्रीच्या आकड्यांखाली एक ओळ होती. ती मी मामाच्या तोंडी घातली, शब्दही न बदलता. समीक्षकांनी नेमकी तीच ओळ उचलून धरली. ती ओळ इथे देत नाही.

आई तेव्हा औषधांवर बरी होती, वाचायची. पुस्तक तिच्या हाती लागू नये म्हणून मी कपाटात वर ठेवलं होतं, आत्याच्या पद्धतीने. तिने स्टुलावर चढून काढलं. दोन दिवसांनी मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, "हे मी लिहिलं होतं ना?" मी हो म्हटलं आणि पुढच्याची वाट बघत उभी राहिले. घरातलं बाहेर का नेलंस, चारचौघांत का मांडलंस, याची सगळी उत्तरं माझी तयार होती, अनेक वर्षं तयार होती. ती म्हणाली, "मग माझं नाव कुठे आहे?"

तिसऱ्या संग्रहाच्या अर्पणपत्रिकेत मी तिचं नाव घातलं. तिने पान उघडून पाहिलं, चष्मा काढला, आणि आडनाव माहेरचं का नाही घातलं म्हणून विचारलं.